बाईंचे हातमोजे

दिनांक १४ नोव्हेंबर २००१, बुधवार. रक्कम रुपये बारा हजार, आगाऊ, चेकने. हजर: मूकबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका, दहावीला मुख्यतः गणित-विज्ञान, पण खुणांनी बाकीचे विषयही शिकवणाऱ्या बाई, माझा भागीदार आणि मी. बालदिन असल्यामुळे व्हरांड्यात मुलांची पंगत चालली होती. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. पंगतीतून उठून ती खिडकीशी आली आणि तिने गजांतून मला खुणेने विचारलं, चेक किती आकडी? मी पाच बोटं दाखवली. तिने खालचा ओठ पुढे काढून मान हलवली, म्हणजे ठीक आहे, फार काही नाही.

करार साधा होता. बाई वर्गात खुणांनी जे शिकवतील त्याचं चित्रण करायचं, एकूण शहाण्णव तास, आणि ते सीडींवर बसवून शाळेला द्यायचं. दर तासाला पाचशे रुपये. मुदत फेब्रुवारीअखेर, कारण बाईंच्या नवऱ्याला अमेरिकेत नोकरी लागली होती आणि बाईंचं तिकीट २४ फेब्रुवारीचं होतं. आमच्या दिलसुखनगरात त्या वर्षी दर तिसऱ्या घरातून कोणीतरी जात होतं, त्यामुळे यात नवल कुणालाच वाटलं नाही. मला मात्र त्या तारखेने झोप लागत नव्हती.

मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. घरात आम्ही मराठी बोलतो, रस्त्यावर दखनी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी. तिच्यापर्यंत यातली कुठलीच पोचली नाही. आठ वर्षांची होईपर्यंत ती ओठांकडे बघून अंदाज बांधायची, आणि तो बहुतेक वेळा चुकायचा. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका खुणांच्या विरुद्ध होत्या, हात मांडीखाली दाबून बसायला लावत. मग या बाई आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील बहिरे, त्यामुळे खुणा ही त्यांची घरातली बोली होती. मुलगी त्यांच्याकडून सहा महिन्यांत जेवढं शिकली तेवढं आधीच्या आठ वर्षांत शिकली नव्हती. आम्ही नवराबायको त्यांच्याकडूनच शिकलो, दर रविवारी, शेवटच्या बाकावर बसून. बायको लवकर शिकली. मी आकडे आधी शिकलो.

पुढच्या वर्षी मुलगी दहावीला जाणार, आणि बाई नसणार. मुख्याध्यापिकांनी सरळ सांगितलं होतं, दुसरं खुणा येणारं माणूस मिळेल अशी आशा ठेवू नका. गणित-विज्ञानात पास झाली तर ज्युनियर कॉलेज, नाहीतर शाळेचाच शिवणवर्ग. म्हणजे माझ्यासाठी या सीडी हेच तिचं दहावीचं वर्ष होतं. कामाचा करार मी मागून घेतला होता, आणि दर मुद्दाम कमी लावला होता.

आता माझ्याबद्दल थोडं. मी सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात तपासणी विभागात एकवीस वर्षं होतो. शंभर नगांतून पाच उचलायचे, मोजायचे, सरासरी काढायची, सही करायची. वडील जामबागेत राहून जन्मभर सरकारी कचेरीत हिशेबनीस होते, त्यांनी मला पेन्सिलीने लिहून शाईने पक्कं करायची सवय लावली. बाहेरचा माल यायला लागला तसा आमचा कारखाना बसला. १९९९ साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, दोन लाख पंच्याऐंशी हजार मिळाले. माझ्या हाताखाली काम केलेला, जुन्या शहरातला एकजण माझ्याबरोबरच बाहेर पडला. आम्ही दोघांनी संगणकाचा कोर्स केला, माझं वय सेहेचाळीस आणि वर्गातली बाकी मुलं विशीतली, आणि दिलसुखनगरात एका कोचिंग क्लासच्या वरची खोली भाड्याने घेऊन लग्नाच्या कॅसेटींच्या सीडी करून द्यायचा धंदा सुरू केला. भागीदार शेवटपर्यंत मला साबच म्हणत राहिला.

शाळेचं काम लग्नाच्या सीडीसारखं करता येत नव्हतं. नेहमीच्या व्हिडिओ सीडीत तासाभराचं चित्रण मावतं. शहाण्णव तासांना शहाण्णव सीडी, दहावीला साधारण अकरा मुलं, प्रत्येकाला एक संच, म्हणजे हजाराच्या वर सीडी. चित्र आणखी दाबायला हवं होतं. चित्र दाबून लहान करणारा आणि परत उलगडून दाखवणारा जो प्रोग्रॅमचा भाग असतो त्याला कोडेक म्हणतात. चांगला विकतचा कोडेक आमच्या ऐपतीबाहेर होता. भागीदाराला इंटरनेटवर एक फुकट मिळाला. जगभरातल्या कोणा कोणा लोकांनी मिळून लिहिलेला, आणि नुसता तयार प्रोग्रॅम नव्हे तर त्याची सगळी मूळ लिखावट, सोर्स कोड म्हणतात तो, ज्याला वाचायची त्याने वाचावी, बदलायची त्याने बदलावी. अट एकच: बदललेला प्रोग्रॅम कोणाला दिलात तर बदललेली लिखावटही त्याला द्यायची.

"फुकट कैकू देरे साब ये लोगां?" भागीदार म्हणाला. "कुछ तो लफडा है."

मी अटींचा कागद दोनदा वाचला. लफडा सापडला नाही.

लिखावट दोन फ्लॉपींवर भरून आणली. ती कंपाइल करून, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणून, त्यातून आपला प्रोग्रॅम बांधायला आम्हाला नऊ दिवस लागले. आधी एक फ्लॉपी खराब निघाली. मग एक मदतनीस प्रोग्रॅम कमी होता, तो आणला, तर चुकीच्या आवृत्तीचा. शेवटी आमच्या खोलीतल्या संगणकावर छान चाललं. शाळेत नेलं तर पहिल्याच चित्राला बंद पडलं. शाळेकडे एका कंपनीने टाकून दिलेले चार जुने संगणक होते, आणि आम्ही बांधताना आमच्या नव्या प्रोसेसरला समजतील त्या आज्ञा घातल्या होत्या. जुन्याला त्या माहीतच नव्हत्या. परत बांधलं, जुन्याच्या बेताने. मग चाललं, पण अडखळत. म्हणून मी सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी बाराच ठेवली. डोळ्याला फारसा फरक कळत नव्हता. माझ्या डोळ्याला.

कोडेक काम कसं करतो ते मला तेव्हाच समजलं आणि आवडलं. वाण्याच्या यादीत खाली खाली "वरीलप्रमाणे" लिहितात तसंच. भिंत तीच, फळा तोच, तर तो दर चित्रात पुन्हा कशाला लिहायचा? सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि जिथे बदल झाला तेवढाच चौकोन नोंदवायचा. शिवाय आमच्या चित्रणाला आवाज लागणारच नव्हता, तेवढी जागा वाचली. एका सीडीत पाच तास बसू लागले. आणि सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे, त्या कोडेकबरोबर एक तपासणीचा छोटा प्रोग्रॅम होता. मूळ चित्र आणि दाबलेलं चित्र ठिपक्याला ठिपका लावून तो फरक मोजायचा आणि शेवटी सरासरी आकडा द्यायचा. पस्तिसाच्या वर म्हणजे चांगलं. आमचे आकडे सदतीस, अडतीस येत होते. मी वही सुरू केली. धडा, मिनिटं, आकार, आकडा, सही. एकवीस वर्षांचा हात होता तो.

आता चूक सांगतो. कॅमेऱ्याची एक तासाची कॅसेट तेव्हा दोनशे साठ रुपयांना होती. शहाण्णव कॅसेटी घेणं मला उधळपट्टी वाटली. मी आठ घेतल्या. कॅसेट भरायची, संगणकात उतरवायची, दाबायची, आकडा बघायचा, आकडा पस्तिसाच्या वर असला की कॅसेट पुसून परत वापरायची. मूळ चित्रणाला तासाला तेरा जीबी लागत, आमची डिस्क चाळीसची, त्यामुळे संगणकातही ते ठेवता येत नव्हतं. भागीदार एकदा म्हणाला, "साब, ओरिजिनल तो रखना था." मी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "हौ, वही में तो सब पास है."

पाच फेब्रुवारी, मंगळवार. एकसष्ट तास पूर्ण झाले होते. दुपारी शाळा अर्धी सुटली म्हणून मुलगी माझा डबा घेऊन खोलीवर आली. तोवर तिने एकही धडा पाहिला नव्हता. मी, भागीदार आणि बायकोने पाहिले होते, आणि तिघांनाही चित्र स्वच्छ वाटलं होतं. बायकोला खुणा येत होत्या खऱ्या, पण तिने पाहिला तो पहिला धडा, त्यात बाई फळ्यावर लिहीतच जास्त होत्या. मुलीला का दाखवलं नाही, याला कारण नाही. ती वापरणारी, तपासणारा मी, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मी तिला खुर्चीवर बसवून अठरावा धडा लावला, वर्गसमीकरणं. ती पुढे वाकली. मग हसली. मग माझ्याकडे वळून खुणेने विचारलं, "बाईंनी हातमोजे घातलेत का?"

मला कळलं नाही. तिने मागे घेऊन परत लावायला सांगितलं. पडद्यावर बाईंचा चेहरा नीट, साडीची किनार नीट, मागचा फळा अक्षर न् अक्षर वाचता येणारा. हात हलले की मनगटापुढे मऊ पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी. हात एका जागी उभा, मग एकदम दुसऱ्या जागी, मधलं काही नाही.

"हे तीन आहेत की चार?" मी विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "तुम्ही काढलंय."

मी पंचविसावा लावला. तिसावा. चव्वेचाळिसावा. ती दर वेळी एक मिनिट बघायची आणि मान हलवायची. असे सहा धडे झाल्यावर तिने मान हलवणंही बंद केलं आणि नुसती माझ्या वहीकडे बघत बसली. भागीदार दाराशी उभा होता. त्याला खुणा येत नव्हत्या, पण विचारायची गरज त्याला पडली नाही. "कॅसेटां," एवढंच तो म्हणाला, आणि आठही कॅसेटी टेबलावर रांगेत लावून ठेवल्या. त्यांतल्या सात पुसलेल्या होत्या.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने हात थांबवले नाहीत.

"अहो, तीन महिन्यांत एकदाही तिला दाखवलं नाही?"

"आकडा चांगला येत होता."

"आकडा तिला परीक्षेला बसवणार का?"

मुलीने त्या दिवशी आमच्या दोघांकडे न बघता जेवण केलं. ऐकू न येणारं माणूस तुमच्याकडे बघत नसेल तर त्याच्याशी बोलण्याचा दुसरा मार्ग नसतो. मी दोनदा टेबलावर हात आपटला, तिला कंप कळतो म्हणून. ती ताटाकडेच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. नुमाइशच्या, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाच्या गर्दीमुळे नामपल्लीला बस अडकली आणि मला बरं वाटलं, तेवढी वीस मिनिटं उशिरा सांगावं लागेल म्हणून. बाई प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसत होत्या.

"सर, कॅसेट आहेत ना? कॅसेटवरून परत काढा," त्या म्हणाल्या.

"नाहीत. मी पुसून परत वापरल्या."

"सगळ्या?"

"सात. एकीत कालचा धडा आहे."

त्यांनी नळी खाली ठेवली. "मला वाटायचं तुम्ही हिशेबी आहात."

"हिशेबच केला होता."

त्या म्हणाल्या, "माझ्याकडे अठरा दिवस आहेत. त्यात सासूबाईंकडे चार दिवस जायचं होतं. सामान बांधायचं आहे. शाळा आहे. मी काय करू तुम्हीच सांगा." आवाज चढवला नव्हता. मग त्यांनीच विचारलं, सकाळी सातला कॅमेरा लावता येईल का.

सासूबाईंकडे त्या गेल्या नाहीत. सकाळी सात ते साडेआठ आणि शाळा सुटल्यावर एक-दीड तास, रविवार धरून. त्या हिशेबाने चव्वेचाळीस तास होत होते, फार तर पंचेचाळीस. हवे होते शहाण्णव. बावन्न तास सोडून द्यावे लागणार होते, आणि कुठले सोडायचे हे मला ठरवता येईना. बाईंनी दहावीची अकरा मुलं, ज्यांचे हे धडे शिकून झाले होते, आणि माझी मुलगी असे बारा जण बसवले आणि विषयांची यादी फळ्यावर लिहिली. मुलांनी भांडत भांडत खोडली. इतिहास, भूगोल, इंग्रजी पहिल्या पाच मिनिटांत गेले, पुस्तकावरून होतील म्हणून. मग गणितातले सोपे धडे. एका मुलाने जीवशास्त्रातला एक धडा सोडायला साफ नकार दिला. त्याला तो आवडायचा, एवढंच कारण. तो राहिला. गणित चोवीस, भौतिक-रसायन बारा, जीवशास्त्र आठ. चव्वेचाळीस.

या वेळी मी चव्वेचाळीस कॅसेटी विकत घेतल्या. अकरा हजार चारशे चाळीस. मुदतठेव मोडली.

चित्रण चालू झालं, पण कोडेक तोच होता, आणि तो दुरुस्त झाला नाही तर नव्या कॅसेटीही कामाच्या नव्हत्या. भागीदाराने आणि मी लिखावट छापून काढली, दोनशे बारा पानं, आणि फरशीवर पसरली. आम्ही काही खरे प्रोग्रॅमर नव्हतो. पहिला दिवस आम्हाला कुठे बघायचं हेच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भागीदाराने एका ओळीवर बोट ठेवलं.

"साब, ये देखो. जागा खतम हुई तो ये फोटू छोड देरा. पुरानाच दिखारा."

तेच होतं. दर सेकंदाला जेवढी जागा ठरवून दिली तेवढीच वापरायची, आणि ती संपली की कोडेक पुढचं चित्र नोंदवायचंच सोडून देई. जागा कधी संपते? एकदम पुष्कळ चौकोन बदलले की. म्हणजे हात भराभर हलले की. बाई गप्प उभ्या असताना एकही चित्र सुटत नव्हतं.

मग मी तपासणीचा प्रोग्रॅम काढून वाचला. सुटलेली चित्रं तो मोजतच नव्हता. जी नोंदली गेली त्यांचीच सरासरी. आणि नोंदलेल्या चित्रांतही शंभरातले पंच्याण्णव ठिपके भिंतीचे आणि फळ्याचे, ते उत्तम. हाताचे ठिपके उरलेल्यांत, ते कितीही खराब झाले तरी सरासरी हलत नव्हती. वर्गातल्या गैरहजर मुलांना सोडून निकाल लावावा तसा तो अडतीसचा आकडा. मी एकसष्ट वेळा सही केली होती. कारखान्यातही अशाच सह्या केल्या होत्या का, हा विचार मला त्या दिवशी आला, आणि अजून येतो.

ती ओळ आम्ही काढून टाकली आणि सेकंदाला बाराऐवजी पुन्हा पंचवीस चित्रं केली. लगेच फाइल फुगली आणि शाळेतले संगणक अडकू लागले. पंचवीस चित्रं सेकंदाला आणि ते चार जुने डबे, काही केल्या जमेना. दहा तारखेपर्यंत रोज बांधत होतो आणि रोज शाळेत नेऊन हात हलवत परत येत होतो. तिकडे कॅसेटींचा ढीग वाढत होता आणि त्यातली एकही मला वापरता येत नव्हती. त्या दिवसांत मी घरी नीट बोलल्याचं आठवत नाही. एकदा शिवणयंत्राची किंमत विचारून आलो. बायकोला ते अजून माहीत नाही.

वाट मुलीने दाखवली. ती रोज शाळेतून थेट खोलीवर येऊन पडद्यासमोर बसू लागली होती. अकरा तारखेला तिने फ्रेमच्या दोन्ही बाजूंना तळहात उभे धरले आणि म्हणाली, "हे कशाला हवंय? फळा कशाला? फळ्यावरचं पुस्तकात आहे."

आम्ही चित्र दोन्हीकडून कापलं. बाई डोक्यापासून कमरेपर्यंत, बाकी काही नाही. निम्मे चौकोन कमी झाले. आणि कोडेकमध्ये आम्ही एक आयत घातला, हनुवटीपासून पोटापर्यंत: त्या आयतात जागा हवी तेवढी खर्च, बाहेर कंजूषपणा कर. बाईंनी मागे पांढरी चादर लावली, रोज तीच गडद निळी साडी नेसल्या, बांगड्या काढल्या. मी त्यांना जरा सावकाश खुणा करायला सुचवलं. मुलीने लगेच अडवलं. "हळू केलं की बाई वेड्यांशी बोलतायत असं दिसतं. हळू नको."

बारा तारखेला शाळेच्या संगणकावर पहिला धडा न अडखळता चालला. मुलीने तो पूर्ण पाहिला, तासभर, आणि शेवटी म्हणाली, "दिसतं." तिच्या चेहऱ्यावर बाकी काही नव्हतं. भागीदार खाली जाऊन दोन चहा आणि एक उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आला आणि पुडा तिच्यापुढे ठेवला.

पुढे तपासणीचा आकडा मी काढलाच नाही. वहीत त्या जागी मुलीची सही. दर धडा ती पूर्ण बघायची, "दिसतं" किंवा "दिसत नाही." सात धडे तिने परत पाठवले, ते कॅसेटवरून पुन्हा दाबले. तिने आणि भागीदाराने माझ्या मागे एक ठराव केला होता, तो मला आठवड्याने कळला: तासाला पाच रुपये तपासणी. कागदावर लिहून त्याची सही घेतली होती.

"साब, छोकरी ने लिखा, मैंने साइन मारा," भागीदार म्हणाला. "आपकीच बेटी है."

बाई शेवटच्या तीन दिवसांत उजवा खांदा धरून काम करत होत्या. मध्ये गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या, आणि कॅमेरा चालू झाला की काढायच्या. बावीस तारखेला चव्वेचाळिसावा तास झाला. तेवीसला त्यांनी शाळेच्या किल्ल्या दिल्या. मी त्यांना मोबदला देऊ केला, त्यांनी घेतला नाही, आणि मी दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा रागावल्या. स्टेशनवर किंवा विमानतळावर आम्ही गेलो नाही. मुलीला जायचं नव्हतं.

मार्चमध्ये पंधरा सीडींचे संच शाळेला दिले, एका सीडीत तीन तास. अटीप्रमाणे प्रत्येक संचाबरोबर आमच्या बदलांसकट लिखावटीची फ्लॉपी. मुख्याध्यापिकांनी ती उलटसुलट पाहिली.

"यात कुठला धडा?"

"धडा नाही. हा प्रोग्रॅम कसा बांधलाय ते."

"परीक्षेला आहे का?"

"नाही."

त्यांनी सगळ्या फ्लॉपी कचेरीच्या कपाटात शिक्के आणि लाखेच्या डब्याशेजारी ठेवून कुलूप घातलं. आमचा बदल आम्ही तो कोडेक लिहिणाऱ्यांनाही पाठवला. युरोपातल्या कोणा माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं: चित्राच्या मधल्याच आयताला एवढं महत्त्व कोणाला लागणार? मी लिहिलं की माझ्या मुलीच्या बाई त्या आयतात राहतात. पुढे उत्तर आलं नाही.

मुख्याध्यापिका पूर्ण रक्कम द्यायला तयार होत्या, मंजूर झाली आहे म्हणून. मी चव्वेचाळीस तासांचे बावीस हजारच लावले, आगाऊ बारा वजा जाता दहा हजार घेतले. शाळेच्या कपाटात न उघडता पडलेल्या जुन्या एकसष्ट तासांच्या सीडी परत मागून घेतल्या आणि मोडल्या, त्या कोणी बघू नयेत म्हणून. भागीदाराने ठरावाप्रमाणे मुलीला दोनशे वीस रुपये दिले आणि तिची पावती घेतली.

पुढचं वर्षभर ती त्या सीडी बघून शिकली. काही धडे चारचार वेळा. घरी संगणक नव्हता, रोज संध्याकाळी खोलीवर यायची. गणित आम्हा दोघांपैकी कुणाला तिला खुणांनी शिकवता येत नव्हतं, आम्ही नुसते शेजारी बसायचो. तिला अडलं आणि बाईंना विचारता आलं नाही की ती सीडी थांबवून गोठलेल्या बाईंकडे बघत राहायची. ते बघणं मला कठीण जायचं, मी खाली जाऊन उभा राहायचो.

मे २००३ मध्ये निकाल लागला. गणितात एक्केचाळीस, विज्ञानात अठ्ठेचाळीस. पास. बायको रडली. मुलगी गुणपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी आली, दप्तरातून दहा रुपयांची नोट काढली आणि वहीवर ठेवली. एकतिसावा आणि बत्तिसावा तास, समरूप त्रिकोण; त्यात तिला दोन ठिकाणी बोटं नीट दिसली नव्हती, पण तिसऱ्या आठवड्यात ती कंटाळली होती आणि तिने "दिसतं" म्हणून सही केली होती. परीक्षेत त्यावरचा प्रश्न तिला सोडावा लागला.

"दोन तासांचे," ती म्हणाली. "ते मी नीट बघितले नव्हते."

मी वहीत ३१ आणि ३२ समोरची तिची सही खोडली आणि खाली लिहिलं: परत आले रुपये दहा, मुलीकडून. नोट दुसऱ्या दिवशी भागीदाराला दिली, कारण मूळ पैसे त्याने दिले होते.